सातुरियाचा आवाज कोणी दिला?

सान हिपोलितो,
रविवार, १२ फेब्रुवारी २०१२

प्रिय नेइला,

हे फोनवरही विचारता आलं असतं. पण गावातून बाहेर फोन लागतो तो फक्त ओब्दुलियाबाईंच्या दुकानातून आणि तिथे मिठाच्या पोत्यांवर बसून निम्मं गाव ऐकत असतं. म्हणून पत्र लिहितो आहे. वाचून झालं की फाडून टाक.

गुरुवारी विल्फ्रिदोची मोटरबोट किब्दोहून आली. रेडिओ चालूच होता. धक्क्यावर बायका मासे साफ करत होत्या, त्यांत सातुरिया मावशीही होती. रेडिओवाला ओरडला, "आणि आता आपल्या अत्रातो नदीची लेक, ला बोगा!" सगळ्या जणी हात पुसत उठल्या. तू स्वतःला बोगा, म्हणजे वल्हवणारी, म्हणवून घ्यायला लागल्यापासून इथल्या प्रत्येकीला वाटतं की तुला वल्हं धरायला तिनेच शिकवलं. नेहमीसारखी तू श्वास न घेता बोलत सुटलीस. मग ढोल एकदम थांबला आणि एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला:

जा गं बाई, नाव सुटली,
पाणी आहे शांत...

मावशीच्या हातातला मासा पाण्यात पडला. "बंद कर! विल्फ्रिदो, मेल्या, बंद कर ते!" त्याने बंद केलं. मावशी खाली बसली आणि म्हणाली, "माझा आवाज आहे."

नेइला, तो अलाबाओ आहे. आपलं मर्तिकाचं गाणं. तुला सांगायला नको, पण लिहून ठेवलेलं बरं असतं म्हणून लिहितो: घरात प्रेत असताना आणि पुढच्या नऊ रात्री, एवढंच ते गायचं. प्रेत नसताना गायलं तर ते गाणं प्रेत शोधत फिरतं. मावशी शपथेवर सांगते की तिने कुणासाठीही असं गायलेलं नाही. म्हणजे कुणीतरी लपून तिचा आवाज टिपला आणि तुला दिला. कोणी? कृपया नाव, तारीख आणि ठिकाण कळव.

आईचे पाय पुन्हा सुजले आहेत. ती म्हणते, उन्हामुळे. इथे तीन आठवडे ऊन पडलेलं नाही.

तुझा भाऊ,
एलिएसेर

ता. क. तुझं मागचं पाकीट कोपऱ्याला कुरतडलेलं आलं. विल्फ्रिदोला विचारलं तर म्हणाला, "उंदीर." पाकिटात खाण्यासारखं काही नव्हतं.


मेदेयिन,
२७ फेब्रुवारी

लाडक्या फौजदारा,

तुझं पत्र मी फाडलेलं नाही. उलट स्टुडिओत सगळ्यांना वाचून दाखवलं (फक्त उंदरापुरतं). ढोल वाजवणारा पोरगा म्हणतो, तुझ्या भावाला इथे आण, आपला करारनामा वाचायला बसवू.

चेष्टा पुरे. ऐक. सात वर्षांपूर्वी मी या शहरात लोकांच्या फरश्या पुसायला आले. मालकीण म्हणायची, "पुटपुटू नकोस गं, भुतं येतात." मी यमकं जुळवत होते. मग चौकातल्या त्या सामन्यांना जायला लागले. तिथे समोरच्याने तालात अपमान करायचा आणि आपण तालातच उलटून द्यायचा. पहिल्याच दिवशी एक पोरगा मला म्हणाला, मोलकरणी, बादली विसरलीस का? मी म्हटलं:

मोलकरीणच मी, राजा, हातात माझ्या झाडू;
आधी तुझी यमकं लोटू, का आधी तुलाच काढू?

लोकांनी मला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी मालकिणीने काढून टाकलं, कारण मी उशिरा उठले. त्यानंतर तीन तबकड्या, दोन बक्षिसं आणि आता मेमध्ये मेक्सिकोचा दौरा. ऑफिसातली माणसं मला 'नदीचा आवाज' म्हणतात. त्यांतला एकही जन्मात होडीत बसलेला नाही. आणि त्यांच्यातलं कोण मला कधी ढकलून देईल, याचा हिशेब मी झोपतानाही करते. तेव्हा संशय काय असतो, हे मला शिकवू नकोस.

तो आवाज किब्दोच्या एका म्हातारीचा आहे. तिने आपणहून दिला. नाव सांगायचं नाही असं वचन दिलंय. सातुरिया मावशीला सांग, तुझा नाही. विषय संपला.

आईला पाय उशीवर ठेवून झोपायला सांग. आणि त्या पांढऱ्या गोळ्या रोज सकाळी घेते का, ते बघ.

नेइला


सान हिपोलितो,
११ मार्च

प्रिय नेइला,

विषय संपलेला नाही.

तुझं म्हणणं मी मावशीला शब्दशः सांगितलं. ती हसली. "किब्दोची म्हातारी? सत्तर वर्षं मी माझ्या गळ्याबरोबर राहतेय. मला माझा आवाज कळत नाही होय रे?" तिने तो पुन्हा ऐकायला नकार दिला आणि गावात कुणी तुझं गाणं लावायचं नाही असंही सांगितलं. कुणी लावत नाही.

गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर गाणाऱ्या पाचही जणी देवळाच्या ओट्यावर बसल्या. मला बोलावून घेतलं, कारण त्यांच्या गाण्यांच्या वह्या मीच लिहितो आणि ठराव माझ्याच अक्षरात हवा होता. ठराव असा: आवाज कोणी विकला त्याचं नाव कळेपर्यंत पालासिओसांच्या घरात त्या गाणार नाहीत. कुणी मेलं तरी नाही. आपल्याच घराविरुद्धचा ठराव मला सुवाच्य अक्षरात लिहावा लागला.

याचा अर्थ तुला कळतो ना? त्या घरात आता आई आहे आणि मी आहे. माझे पाय सुजलेले नाहीत. गाण्याशिवाय गेलेलं माणूस दारातून बाहेर पडत नाही, घरातच घुटमळतं. आणि आई चाळीस वर्षं याच बायकांच्या मागच्या रांगेत बसून उत्तर देत आली आहे. मावशीने ओळ म्हणायची, मागच्यांनी ती उचलायची. मी घरी येऊन तिला ठराव वाचून दाखवला. ती केळी सोलत होती. म्हणाली, "नाही तर नाही," आणि सोलत राहिली. नंतर बघितलं तर तिने सालं पातेल्यात टाकली होती आणि केळी डुकरांच्या बादलीत.

म्हणून मी शोध लावायचा ठरवलं. नोव्हेंबरात म्हातारे प्लिनिओ वारले तेव्हा विद्यापीठाचा एक मुलगा यंत्र घेऊन आला होता, पण ते पहिल्याच दिवशी भिजून बंद पडलं. मी स्वतः ते चुलीपाशी वाळत ठेवलं होतं. तो सुटला. उरला विल्फ्रिदो. त्याच्याकडे आवाज टिपणारा फोन आहे. मावशीच्या दारात तो बोट बांधतो. किब्दोला दर आठवड्याला जातो. आणि आणखी एक. पांढऱ्या गोळ्यांचं तुला कोणी सांगितलं? मलाही माहीत नव्हतं. तुझं पत्र आल्यावर शोधलं तेव्हा त्या कॉफीच्या डब्यात, कॉफीखाली सापडल्या. आमच्या घरातल्या गोष्टी तुझ्यापर्यंत नेणारा त्याच्याशिवाय कोण आहे?

मी बायकांना विल्फ्रिदोचं नाव सांगितलं आहे. सख्खा मावसभाऊ आहे, पण सांगावं लागलं.

आई दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. याचा अर्थ मला लागत नाही.

एलिएसेर


मेदेयिन,
२१ मार्च

एलिएसेर,

मूर्खा! विल्फ्रिदोने काहीही केलेलं नाही. त्याच्या बोटीत लोक सामान देईनासे झालेत, हे मला किब्दोच्या धक्क्यावरून कळलं. आजच्या आज जा आणि सांग की तू चुकलास. नाव हवं असेल तर माझं दे. मी चोरला, मी विकला, मी नदीला बाजारात बसवलं, काय हवं ते लिही तुझ्या सुवाच्य अक्षरात. आणखी खोदू नकोस. हे मी विनवून सांगतेय, आणि मी कुणाला विनवत नाही.

ने.


सान हिपोलितो,
९ एप्रिल

प्रिय नेइला,

"खोदू नकोस" असं लिहिणाऱ्या माणसाच्या पायाखाली काहीतरी पुरलेलं असतं.

तुझं नाव मी बायकांना दिलं. मावशी म्हणाली, "चोरला तिने, पण तिच्या हातात कोणी दिला?" तेव्हा त्याने काही सुटलं नाही.

मग मी ते केलं जे आधीच करायला हवं होतं. शाळेच्या मास्तरांचा फोन घेतला, गावाबाहेर उसात जाऊन बसलो आणि तुझं गाणं ऐकलं. एकोणीस वेळा. गावात कुणीच ते शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. धक्क्यावर दोन ओळींतच मावशीने बंद करायला लावलं आणि त्यानंतर बंदी. मी चारही ओळी ऐकल्या. वहीत असं आहे:

जा गं बाई, नाव सुटली,
पाणी आहे शांत;
मागं वळून बघू नको,
वाट बघतो संत.

आणि तुझ्या गाण्यातली बाई तिसरी ओळ अशी म्हणते:

मागं वळून एकदा बघ...

मी पाचही वह्या काढून पाहिल्या. पाचही माझ्या हातच्या आहेत, त्यामुळे लिहिणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही. पाचहींत 'बघू नको' आहे. तसंच असायला हवं. मेलेल्याला मागं बघायला कोण सांगेल? मावशी तर प्राण गेला तरी सांगणार नाही. म्हणजे हा आवाज मावशीचा नाही. तुझं तेवढं खरं निघालं. पण मावशीच्या गळ्यासारखा गळा असलेली, हेच गाणं येणारी आणि वही नसलेली बाई कोण?

काल दुपारी आई भात टाकत होती. मी तिच्यामागे बाकावर वही घेऊन बसलो आणि सहज म्हटलं, "आई, ते 'जा गं बाई', त्याची तिसरी ओळ माझ्याकडून पुसली गेली आहे. जरा सांग." ती डाव हलवत हलवत म्हणाली, "मागं वळून एकदा—" आणि थांबली. मग म्हणाली, "वही मीट. भात करपतोय." भातात पाणी नुकतंच घातलं होतं.

नेइला, आईला एकटीने गाताना मी कधी ऐकलेलं नाही. कुणीच ऐकलेलं नाही. तिने हे केव्हा गायलं? कुणाच्या मरणासाठी? आणि तुम्ही दोघी मिळून माझ्यापासून काय लपवता आहात?

उत्तर नको असेल तर तसं स्पष्ट लिही. पण उंदराने खाल्लं म्हणू नकोस.

एलिएसेर


बोगोता,
२४ एप्रिल

एलिएसेर,

हॉटेलच्या कागदावर लिहितेय. खाली गाडी थांबली आहे. थांबू दे.

गेल्या ऑक्टोबरात आई "पडदे घ्यायला" किब्दोला गेली होती, आठवतं? पडदे आले का घरी? तू तेव्हा कसं विचारलं नाहीस, याचंच मला आश्चर्य वाटतं. ती डॉक्टरांकडे गेली होती. मी विमानाने तिथे पोहोचले. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय, वर्ष निघालं तर नशीब. बाहेर आल्यावर आईने पहिलं वाक्य काय म्हणावं? "एलिएसेरला सांगायचं नाही. तो तारीख घालून लिहून ठेवील. मला माझं मरण वहीत नकोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. म्हणाली, "मी जाईन तेव्हा तू कुठल्यातरी मांडवात नाचत असशील. येऊ शकणार नाहीस. तर तुझ्या वाट्याचं आत्ताच घेऊन जा." मी म्हटलं, "आई, प्रेत नाही घरात." ती म्हणाली, "आहे की. जरा चालतंबोलतं आहे एवढंच." आणि गायली. मी फोन चालू केला. तिला ते दिसलं, तिने थांबवलं नाही. तिसऱ्या ओळीला माझ्याकडे बघत होती.

तीन महिने मी ते कुणाला ऐकवलं नाही. मग या गाण्याच्या तिसऱ्या कडव्याला माझं तोंडच बंद पडलं. मी, जिला चौकात कुणी गप्प करू शकलं नाही! तिथे दुसरं काही बसेना. लावलं. पत्रकार लिहितात, "धाडसी शांतता." कसलं धाडस रे? माझ्याकडे शब्द नव्हते.

तिच्या परवानगीनेच लावलं. पण लोक सातुरिया मावशीचा आवाज म्हणतील, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही. झालं तेव्हा दुकानात कुणी नाही असं बघून आई फोनवर म्हणाली, "राहू दे तसंच. जिवंतपणी स्वतःचं गाणं गाणाऱ्या बाईला त्या दारातही उभं करणार नाहीत. चोर तूच बरी." म्हणून मी चोर.

आता तूही गप्प राहा. आणि एक खरं सांग, तू खोटं बोलत नाहीस म्हणून विचारते. रोज हजारो लोकांपुढे मी ते गाणं वाजवते. ते तिला शोधत तर गेलं नाही ना?

नेइला


सान हिपोलितो,
शनिवार, १९ मे

प्रिय नेइला,

हे पत्र विल्फ्रिदो तुला किब्दोच्या धक्क्यावर देईल. तो सोमवारपासून तिथे थांबेल. बोटीत पाय ठेवण्याआधी वाच.

आई काल सकाळी गेली. अंगणात कोंबड्यांना दाणे टाकून आली, बाकावर बसली, "जरा पाणी दे" म्हणाली. मी पाणी आणेपर्यंत गेली होती. त्रास झाला नाही. मी ओब्दुलियाबाईंच्या दुकानातून मेक्सिकोला तुला फोन केला तेव्हा पोत्यांवर नऊ माणसं होती. तू फक्त "हं" म्हणालीस आणि फोन कटला. तो आपोआप कटला की तू कापलास, हे मला कळलेलं नाही.

आईला खोलीत ठेवलं, पांढरी चादर लावली, मेणबत्त्या लावल्या. शेजारी आले, कॉफी झाली. गाणाऱ्या आल्या नाहीत. दुपारपर्यंत घरात इतकी शांतता होती की मेणबत्तीचं मेण पडलेलं ऐकू येत होतं. माणसं एकमेकांकडे बघत होती. कुणी म्हणालं, "बिचारी इथेच राहणार आता."

मी आईला काही वचन दिलं नव्हतं. वचन तू दिलं होतंस. हे मी नीट तपासून घेतलं आणि मग सातुरिया मावशीकडे गेलो.

ती दारातच होती. "नाव आणलंस?"

"आणलंय. आवाज तुझा नाही मावशी, आईचा आहे."

"मेलेल्या बाईवर ढकलतोस? लाज आहे का रे?"

मी विल्फ्रिदोला बरोबर घेतलं होतं. (त्याची माफी मी आधीच मागितली होती. तो म्हणाला, "लिहून दे. तुझं तोंडी मी धरत नाही." लिहून दिली, सही करून.) त्याने फोन काढला. मावशीने हात वर केला, "इथे वाजवायचं नाही!"

मी म्हटलं, "मावशी, नियम काय आहे? प्रेत नसताना नाही. आज आहे. आज हे वाजवायला कुणाचीच हरकत असू शकत नाही. आणि तुझाच आवाज आहे ना? मग त्याच्याबरोबर गा. जुळेल."

बाकीच्या चौघी घरातून बाहेर आल्या. विल्फ्रिदोने लावलं. मावशीने डोळे मिटून सूर धरला. पहिली ओळ, दुसरी ओळ, दोन आवाज इतके एक होते की माझाच स्वतःवरचा विश्वास उडाला. मग मावशी म्हणाली, "मागं वळून बघू नको," आणि फोनमधून आई म्हणाली, "मागं वळून एकदा बघ."

मावशी थांबली. आई एकटीच चौथी ओळ म्हणून गेली. मग तुझा ढोल सुरू झाला. विल्फ्रिदोने बंद केलं.

"पुन्हा," मावशी म्हणाली.

पुन्हा लावलं. या वेळी ती गायली नाही, नुसतं ऐकलं. मग ओट्यावर बसली. "चाळीस वर्षं," ती म्हणाली, "चाळीस वर्षं ही एमिग्दिया माझ्या मागं बसली आणि मला वाटायचं, उत्तर देतेय. ही आपलं वेगळंच गात होती!" एक जण म्हणाली, "आणि आपल्याला पत्ता नाही." मावशी तिच्यावर खेकसली, "तुला कसा असेल? तू तर झोपतेस."

मी म्हटलं, ते तिने स्वतःसाठी गायलं, ऑक्टोबरात, नेइलासमोर. मला वाटलं आता संपलं. मावशीने मान हलवली. मग म्हणाली, "स्वतःसाठी कुठलं? 'मागं बघ' असं कोणी स्वतःला सांगतं का? ते पोरीने तिला सांगायचं होतं. पोरीच्या तोंडात बसावं म्हणून म्हणून दाखवलं तिने." आणि उठून चौघींना म्हणाली, "बसलात काय? एमिग्दिया वाट बघतेय. रुमाल बांधा."

पाचही जणी आल्या. सकाळपर्यंत गायल्या. 'जा गं बाई' मात्र म्हटलं नाही. मी विचारलं तर मावशी म्हणाली, "ते नवव्या दिवशी. पुढच्या रांगेतून ओळ मी म्हणणार, माझ्या पद्धतीने. उत्तर मागच्या रांगेतून येईल, तिच्या पद्धतीने. तुझ्या बहिणीला सांग, साऱ्या देशाला आईच्या तोंडून ऐकवलंस, आता आईला तुझ्या तोंडून ऐकव. आणि सांग, भराभर नाही म्हणायचं." आज आईला पुरलं. नववी रात्र रविवारी, २७ मेला.

तू मागच्या पत्रात एक प्रश्न विचारला होतास, त्याचं उत्तर राहिलं. मी तारखा क्रमाने मांडल्या. ऑक्टोबरच्या ९ तारखेला डॉक्टरांना आजार सापडला. ऑक्टोबरच्या १० तारखेला आई गायली. फेब्रुवारीच्या ३ तारखेला तुझं गाणं बाहेर आलं. आजार आधी आहे, गाणं नंतर. मी तीन वेळा तपासलं. गाणं तिला शोधत गेलेलं नाही.

आता एक शेवटचं. या चार महिन्यांत मी विद्यापीठाच्या मुलावर संशय घेतला, विल्फ्रिदोवर घेतला, तुझ्यावर घेतला, उंदरावर घेतला नाही आणि बहुधा तो उंदीरच होता. माझा एकही संशय खरा ठरलेला नाही. हे ध्यानात घेऊन मी पुढचं वाक्य मुद्दाम, विचारपूर्वक लिहितो.

तू येणार नाहीस, असा मला दाट संशय आहे.

तुझा भाऊ,
एलिएसेर